करवंटीचा कायदा

त्या सकाळी पोवळीच्या घरात चूल पेटली होती, पण चुलीवर ठेवायला नुसतं पाणीच होतं. पोवळी ते पाणी मन लावून ढवळत होती. ढवळलं की काहीतरी शिजतंय असा आवाज होतो, आणि आईला तो आवाज ऐकू जायला हवा होता.

तिची आई बामा भिंतीला टेकून बसली होती. आठ दिवसांपूर्वी एका दांडग्या चिंबोरीने तिचा उजवा अंगठा धरला होता. चिंबोरी म्हणजे खाडीतला मोठा खेकडा. त्याने एकदा धरलं की तो विचार करूनच सोडतो, आणि हा भलताच विचारी निघाला. अंगठा आता वांग्याएवढा झाला होता आणि रंगही वांग्याचाच.

"काय शिजवतेस गो?" बामाने विचारलं.

"पाणी," पोवळी म्हणाली. खोटं बोलणं तिला जमत नसे. नऊ वर्षांची झाली तरी एवढी साधी गोष्ट जमेना म्हणून शेजारीपाजारी तिची कीव करत.

"मीठ घाल थोडं," बामा म्हणाली, आणि दोघी हसल्या.

त्यांच्या गावाचं नाव तिवरगाव. गाव खाडीच्या काठावर होतं, आणि खाडीला पाण्याचे लांबलांब फाटे फुटलेले होते, हाताला बोटं असावीत तसे. फाट्यांच्या दोन्ही काठांवर हिरवीगार तिवरं होती. भरतीला त्यांची पानं चांदीच्या टिकल्यांसारखी चमकत, आणि ओहोटीला चिखलातून त्यांची टोकदार मुळं उभी राहत. गावात प्रत्येक घराचा एकेक फाटा ठरलेला. दुसऱ्याच्या फाट्यात कुणी पगोळी टाकायची नाही, ही गावाची रीत होती. पगोळी म्हणजे गोल कड्याला बांधलेली जाळीची झोळी. तिच्या मध्ये माशाचं डोकं बांधायचं, ती पाण्यात सोडायची आणि चिंबोरी जेवायला बसली की हळूच वर ओढायची.

बामाच्या घरची आणखी एक रीत होती. दाराशी खुंटीला एक मोठी करवंटी टांगलेली असे. पकडलेली चिंबोरी त्या करवंटीत मावली, की ती लहान. तिला पाण्यात सोडायचं. आणि जिच्या पोटाशी अंडी असतील तिला तर मोजायचंसुद्धा नाही, लगेच सोडायचं. पूर्वी गावात सगळ्याच घरांत अशा करवंट्या होत्या. पुढे लोकांना अक्कल आली आणि त्यांनी त्या चुलीत घातल्या.

पोवळीने करवंटी कमरेला बांधली, पगोळी खांद्यावर टाकली आणि ती आपल्या फाट्यात उतरली.

पहिल्यांदा पगोळी वर आली ती रिकामी. दुसऱ्यांदा एक इवलीशी चिंबुली आली, नांग्या उगारून भांडायच्या तयारीत. ती करवंटीत आरामात मावली. "जा गो बाय, मोठी होऊन ये," म्हणत पोवळीने तिला सोडलं. तिसऱ्यांदा पगोळी इतकी जड झाली की पोवळीला दोन्ही हातांनी ओढावी लागली. आत एक हिरवीकाळी, ताटाएवढी चिंबोरी बसली होती! एवढ्या चिंबोरीवर दोघी दोन दिवस जेवल्या असत्या.

पोवळीने तिला मागून अलगद धरून उलटी केली. पोटावरची झडप रुंद, अर्ध्या भाकरीसारखी होती, म्हणजे मादी. आणि झडपेखाली केशरी अंड्यांचा झुबका होता, मोहरीहून बारीक, हजारो, लाखो, उन्हात लखलखणारा.

पोवळीच्या पोटात भुकेने गुरगुरलं. तिने पोटाला सांगितलं, "गप्प बस." आणि चिंबोरीला पाण्यात ठेवलं.

"अगं सावकाश! माझा पंख!" कुणीतरी ओरडलं.

चिंबोरीच्या पाठीवर एक परी बसली होती. कोलंबीएवढी परी! तिचा झगा तिवराच्या फुलांसारखा पिवळा होता, डोळे दवाच्या थेंबांसारखे होते आणि एक पंख खंड्या पक्ष्यासारखा निळाभोर, झगमगणारा होता. दुसरा पंखही तसाच असावा, पण तो चिखलाने पुरता माखला होता.

"तुम्ही परी आहात?" पोवळीने विचारलं.

"चिखलपरी. बागेतल्या पऱ्या वेगळ्या. त्या गुलाबावर बसतात, त्यांना काय कळतंय." परीने पंख झटकला. सोनेरी चुरा उडाला आणि थोडा चिखलही. "माझी मैत्रीण तू सोडलीस. भुकेली असून सोडलीस. तेव्हा नियमाप्रमाणे तुला दोन इच्छा."

"तीन असतात ना?"

"पूर्वी असायच्या. लोक तिसरी इच्छा पहिल्या दोन निस्तरायला वापरायचे, म्हणून बंद केली." परीने चिमुकली बोटं पुढे केली. "नियम नीट ऐक. पहिला, इच्छा मागताना पाय खाडीच्या चिखलात हवेत. दुसरा, खाडीत जे आहे तेच मिळेल. नसलेलं मी कुठून आणू? तिसरा, 'लवकर' हा शब्द माझ्यासमोर काढायचा नाही. मला त्याचा राग येतो."

पोवळीने विचार केलाच नाही. "माझ्या आयचा अंगठा बरा होऊ दे."

परीने पंख फडफडवले. पोवळीच्या पायाशी चिखलाचा एक गोळा वर आला, निळसर, मऊ, चमचमणारा. "हा अंगठ्यावर लाव. चार दिवस."

"चार दिवस? थोडं ल—"

परीने डोळे वटारले.

"चार दिवस," पोवळी म्हणाली. "चालेल."

चार दिवसांनी अंगठा अंगठ्याएवढा झाला. बामाने पहिली भाकरी थापली आणि तिच्यावर उमटलेले पाचही बोटांचे ठसे पोवळीला दाखवले. त्याच दिवशी गावात दवंडी आली.

त्या मुलखाचा राजा तुंदिलसेन. राज्य एवढं छोटं, की जेवून फिरायला निघालं तर चहाच्या वेळी परत येता येई. पण राजाची भूक मात्र मोठ्या राज्याची होती. पौर्णिमेला त्याचा वाढदिवस होता. त्या दिवशी दुपारी चिंबोऱ्यांचा रस्सा करायचं मुख्य आचारी केसोपंतांनी ठरवलं होतं. हुकूम असा होता: प्रत्येक घराने एक टोपली भरून चिंबोऱ्या आणाव्यात. लहान-मोठ्या चालतील. अंडीवाल्या असल्यास उत्तम, कारण त्यांनी रश्शाला केशरी रंग येतो.

पौर्णिमेला चिंबोरी आतून पोकळ असते आणि अमावस्येला भरलेली, हे तिवरगावात शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. राजाला ते सांगायचं कुणी, हे मात्र कुणालाच ठाऊक नव्हतं. तेव्हा सगळ्यांनी हुकूम पाळला. घराघरांनी आपापले फाटे खरवडून काढले. बोटाएवढी पिल्लं उचलली, अंड्यांनी भरलेल्या माद्या उचलल्या. दोन दिवसांत खाडीत जाळं टाकलं तर नुसतं पाणी येऊ लागलं.

शेजारची नागूकाकी पोवळीच्या कुंपणाशी थांबली. "तुम्ही नाही उतरलात गो?"

"पौर्णिमेच्या चिंबोऱ्या पोकळ असतात, काकी."

"ते मला शिकवतेस? मी काय आज जन्मले? राजाला पोकळ हव्यात, तर पोकळ द्यायच्या. आपलं काय जातं?"

"खाडी जाते," पोवळी म्हणाली.

काकी हसली. "बामा, पोरीला आवर. ही करवंटी एक दिवस गळ्यात अडकेल."

बामाने आपल्या बऱ्या झालेल्या अंगठ्याकडे पाहिलं आणि सावकाश म्हणाली, "माझं ऐकते, तोवर मी तिला करवंटी पाळायलाच सांगणार. आणि नाही ऐकलं, तरी ती हेच करणार."

पौर्णिमेला राजवाड्याच्या अंगणात टोपल्यांची रांग लागली. शेवटी बामासोबत पोवळी उभी होती, गुडघ्यापर्यंत चिखल तसाच वाळलेला. तिच्या टोपलीत एकच वस्तू होती.

"ही करवंटी कुणाच्या खाण्यासाठी आणलीस?" केसोपंतांनी विचारलं. अंगण हसलं.

"खाण्यासाठी नाही, पंत. मोजण्यासाठी. आज चिंबोऱ्या धरायचा दिवस नाही. अमावस्येला या, मी पोटभर खाऊ घालीन."

तोवर राजासमोर चांदीचं ताट आलं होतं. राजाने केशरी रश्शातली सगळ्यात मोठी चिंबोरी सेवकाकडून फोडून घेतली. आतून पाणी आलं. दुसरी फोडली, तर फुस्स असा आवाज झाला. दहावी फोडली तेव्हा राजाचं तोंड त्या चिंबोरीसारखंच झालं होतं, बाहेरून लाल आणि आत काही नाही.

"महाराज, या पोरीने दृष्ट लावली!" केसोपंत म्हणाले. एवढा वेळ ते हेच वाक्य जुळवत असावेत.

"तीनशे चिंबोऱ्यांना?" पोवळी म्हणाली. "माझे डोळे एवढे मोठे असते तर मी अभ्यासात वापरले असते."

राजा कडाडला, "पोरी, तू आमचा हुकूम मोडलास. खाडी आमची आहे!"

"मग आपलीच खाडी आपण रिकामी का करता, महाराज?"

राजाला आजवर कुणी प्रश्न विचारला नव्हता, त्यामुळे उत्तर देण्याची त्याला सवय नव्हती. त्याने ताटातली कवचं बाजूला सारली.

"ठीक," तो शेवटी म्हणाला. "अमावस्येला तू एक हंडी रस्सा रांधायचा. आम्ही तृप्त झालो नाही, तर तू आणि तुझी आई खाडी सोडून जायचं. पुन्हा त्या पाण्यात पाय टाकायचा नाही."

बामाने पोवळीचा खांदा धरला. खाडी सोडून त्या जगणार कशावर? पण पोवळीने करवंटी उचलून छातीशी धरली.

"कबूल. पण माझ्याही अटी आहेत."

"अटी!" केसोपंतांच्या हातातली पळी खाली पडली.

"महाराजांनी जमिनीवर बसायचं आणि स्वतःच्या हातांनी फोडून खायचं. आणि तृप्त झाले, तर माझी करवंटी वाड्याच्या स्वयंपाकघरात टांगायची. तिच्यात मावेल ती चिंबोरी आणि अंडीवाली चिंबोरी इथे शिजणार नाही. कधीच."

राजाला अट घातली जाण्याचा अनुभव नवा होता. त्याला थोड्या गुदगुल्याच झाल्या. "कबूल," तो म्हणाला.

पुढचे दिवस गावाने बामाच्या घराकडे पाहत काढले. बाकीचे फाटे सुने पडले होते. तिवरांत बगळासुद्धा फिरकत नव्हता. पोवळीच्या फाट्यात मात्र चिखलाच्या बिळाबिळांतून मिशा हलताना दिसत. कुणीतरी म्हणालं, नशीब आहे पोरीचं. करवंटीबद्दल कुणी बोललं नाही.

अमावस्येच्या पहाटे चिखलपरी तिवराच्या मुळावर बसून पंख धूत होती. "तुझी एक इच्छा शिल्लक आहे," ती म्हणाली. "मागून टाक. राजाचं मन वळवते, केसोपंतांना डुलकी लावते. हवं तर टोपली भरून देते."

"टोपली कुठून भराल?"

"खाडीतूनच. दुसरा नियम."

"मग ती मी भरते. आणि राजाचं मी बघून घेते. त्याच्यासाठी माझी इच्छा का खर्चू?"

परीने तिच्याकडे निरखून पाहिलं. "फार आगाऊ आहेस."

"हो," पोवळी म्हणाली.

ओहोटी लागली होती. पोवळीने पगोळी टाकली. पहिली आली ती करवंटीत मावली. सोडली. दुसरी आली, चांगली दांडगी, पण पोटाशी अंडी. सोडली. कुंपणापलीकडून नागूकाकी ओरडली, "ठेव गो ती! आज तरी ठेव! घर जाईल!" पोवळीने मागे पाहिलं नाही. मग एक नर आला, निमुळत्या झडपेचा, मनगटाएवढ्या नांग्यांचा. करवंटी त्याच्या पाठीवर टोपीसारखी बसली! मग दुसरा आला. मग तिसरा. पाणी परत चढू लागलं तेव्हा टोपलीत चौघं होते, सुंभाने बांधलेले, रागाने बुडबुडे काढणारे.

"अजून थोडा वेळ आहे," बामा काठावरून म्हणाली.

"चार पुरेत, आये. एक राजा आहे."

वाड्याच्या स्वयंपाकघरात दोघींनी चूल ताब्यात घेतली. बामाने सुकं खोबरं आणि कांदा भाजला, इतका सावकाश की सोनेरी वास माडीवर चढून राजाला उठवून आला. पोवळीने चिंबोऱ्या साफ केल्या. लहान पाय पाट्यावर वाटले आणि त्यांचा रस गाळून हंडीत ओतला.

"पाय आम्ही फेकून देतो," केसोपंत नाक उडवत म्हणाले.

"म्हणून तुम्हाला रंगासाठी अंडी लागतात," पोवळी म्हणाली.

मोठ्या नांग्यांना तिने वरवंट्याने एकेक हलका ठोका दिला, तडा जाईल पण फुटणार नाहीत असा. आलं, लसूण, मिरची, शेवटी कोकमाची चार आमसुलं. रस्सा विटकरी लाल झाला आणि वर तेलाच्या ठिपक्यांनी इवल्या इवल्या चांदण्या काढल्या. शेजारी तांदळाच्या भाकऱ्या टम्म फुगल्या.

राजा जमिनीवर बसला. बसायला दोन माणसं लागली. त्याने एक नांगी उचलली, दोन्ही हातांनी, दातांनी, मोडली. आत पांढरंशुभ्र मांस होतं, कापसासारखं, गच्च भरलेलं. राजाने ते ओढून काढलं आणि तोंडात टाकलं.

चिंबोरी खाताना दोन्ही हात आणि संपूर्ण तोंड कामात असतं. त्यामुळे राजा तासभर एक शब्दही बोलला नाही. त्या तासात राज्यात एकही हुकूम निघाला नाही, आणि राज्य उत्तम चाललं. रस्सा त्याच्या मिशीला लागला, मनगटावरून कोपरापर्यंत ओघळला. शेवटी त्याने कवच चाटलं, भाकरीने हंडी पुसली आणि वर पाहिलं.

"आणखी."

"नाही," पोवळी म्हणाली. "बाकीच्या सोडल्या. पुढच्या अमावस्येला."

"नाही?" राजाने तो शब्द पहिल्यांदाच चाखल्यासारखा जिभेवर फिरवला.

केसोपंत पुढे झाले. "महाराज, मी हौदात पौर्णिमेच्या बारा अंडीवाल्या राखून ठेवल्यात. आत्ता उकळतो."

राजाने हौदाकडे पाहिलं, मग रिकाम्या हंडीकडे. त्याला अजून खायचं होतं, हे त्याच्या सगळ्या चेहऱ्यावर लिहिलेलं होतं, रश्शाने. पोवळीने करवंटी त्याच्यापुढे जमिनीवर ठेवली आणि ती वाट पाहत उभी राहिली. मान वर, चिखलाचे पाय घट्ट रोवलेले.

राजाने मोठा सुस्कारा सोडला. "मी तृप्त झालो," तो म्हणाला. "नाही म्हणालो, तर पुन्हा मिळायचं नाही. केसोपंत, खिळा आणा. करवंटी टांगा. आणि त्या बारा जणी हिच्या टोपलीत घाला."

खिळा ठोकताना केसोपंतांच्या अंगठ्यावर हातोडी बसली. बामाने जाता जाता त्यांना घरचा निळा चिखल पाठवायचं कबूल केलं.

दुपारी सगळं तिवरगाव पोवळीच्या फाट्याच्या काठावर जमलं. पोवळी गुडघाभर चिखलात उभी राहिली आणि तिने बाराही माद्या एकेक करून पाण्यात सोडल्या. शेवटची सोडताच तिच्या पाठीवरून परी उडाली आणि पोवळीच्या तळहातावर उतरली.

"परी," पोवळी म्हणाली, "सगळ्यांचे फाटे पुन्हा भरू देत."

"दुसरा नियम," परी हळुवारपणे म्हणाली. "खाडीत चिंबोऱ्या आता फक्त तुझ्या फाट्यात आहेत. त्या अंड्यापिल्लांसकट सगळीकडे वाटल्या जातील. तुझ्याकडे इतरांएवढ्याच उरतील."

नागूकाकीने मान खाली घातली.

"वाटू देत," पोवळी म्हणाली. मग ती गावाकडे वळली आणि परीचे तिन्ही नियम तिने सांगून टाकले. "पण प्रत्येक दाराला करवंटी हवी. नाहीतर मी आत्ताच्या आत्ता चिखलातून बाहेर येते!"

"टांगतो गो," नागूकाकी पुटपुटली. "दोन टांगतो."

परी हसली. तिने पंखावरचा शेवटचा चिखल झटकला, आणि तो पंखही निळाभोर, जांभळा, सोनेरी झळाळून उठला. ती गोल गोल फिरत वर गेली, लखलख, झगमग. तिवराची पानं उजळली, पाणी उजळलं, माणसांचे चेहरे उजळले. मग परीचा प्रकाशच झाला, आणि तो प्रकाश बारीक बारीक कणांनी खाडीवर सांडला. फाट्याफाट्यांत चमचमणारे ठिपके उतरले. पोवळीने ओंजळीत पाणी घेऊन पाहिलं. ठिपके पोहत होते. प्रत्येकाला दोन इवले डोळे होते.

"हे मोठे कधी होतील?" कुणीतरी विचारलं. "जरा लवकर—"

"तो शब्द काढायचा नाही!" सगळं गाव एकदम ओरडलं.

दीड वर्ष लागलं. त्या दीड वर्षात तिवरगावने बरीच आंबील प्यायली आणि बरीच कुरकुर केली, पण करवंट्या खुंटीवरून हलल्या नाहीत. आता तिथे फाटे भरलेले आहेत आणि अमावस्येला घराघरांतून भाजक्या खोबऱ्याचा वास येतो. राजाला मात्र अधूनमधून पौर्णिमेलाच भूक लागते. मग त्याचा शिपाई चांदीची परात घेऊन पोवळीच्या दाराशी येतो आणि विचारतो, "महाराज विचारतात, फक्त एक मिळेल का?"

पोवळी चिखलाचे पाय घेऊन बाहेर येते, खुंटीवरची नवी करवंटी काढते आणि त्या परातीत पालथी घालते. शिपाई ती तशीच वाड्यावर नेतो, आणि दुसऱ्या दिवशी करवंटी गुपचूप परत करून जातो.